लांबलचक इंग्रजी शब्दाचे तुकडे कसे पाडायचे आणि जोर कुठे द्यायचा?

'रिस्पॉन्सिबिलिटी'सारखा शब्द कुठे तोडायचा आणि त्यात जोर कशावर, असं तुम्ही विचारलंय. मी शब्द शेपटीकडून बघतो.

आधी तुकडे. स्पेलिंगकडे बघू नका, स्वर कानाने मोजा. आपण 'कमळ' तीन अक्षरांत लिहितो, पण म्हणतो क-मळ, दोनच ठोके. तसंच 'कम्फर्टेबल' कागदावर चार तुकड्यांचा दिसतो, बोलताना बहुतेक जण तीनच करतात: कम्फ्-त-बल. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा, जबडा जितक्यांदा खाली येईल साधारण तितके तुकडे.

आता जोर. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या स्वरावर पडतो. तुमचा शब्द रि-स्पॉन्-स-बि-ल-टी असा सहा तुकड्यांचा, जोर 'बि'वर. एकाच कुळातले तीन शब्द घ्या: फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉग्'वर (फ-टॉग्-र-फी), फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. शेपूट बदलली की जोर सरकतो, आणि ज्याचा जोर गेला तो स्वर पुसट 'अ' होऊन बसतो. मराठी माणसाची खरी अडचण इथेच आहे. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, इंग्रजी देत नाही.

याउलट 'मेंट', 'नेस', 'फुल', 'ली' या शेपट्या गरीब, जोराला हात लावत नाहीत. एकदा फोनवर मी एका परदेशी ग्राहकाला 'डेव्हलपमेंट' तीनदा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. त्याला कळेना. मी म्हणत होतो डेव्-लप्-मेंट, जोर पहिल्यावर. खरा शब्द डि-व्हे-लप्-मंट, चार तुकडे, जोर 'व्हे'वर, कारण मूळ 'डिव्हेलप'मध्येच तो तिथे आहे. आवाज वाढवून काय होणार होतं!

'इंजिनिअर', 'व्हॉलंटिअर' यांत मात्र जोर थेट शेवटच्या तुकड्यावर. 'एम्प्लॉयी'तही बहुतेक जण तसाच देतात, पण तसाच शेवट असलेल्या 'कमिटी'त जोर मधल्या 'मि'वर. 'पॉलिटिक्स' आणि 'टेलिव्हिजन' हेही नियम मोडून पहिल्याच तुकड्यावर जोर घेतात. असे शब्द सरळ पाठ करा.

शंका आली तर शब्दकोशात उच्चार बघा. बहुतेक कोशांत वर एक छोटी उभी रेघ असते, तिच्या पुढचा तुकडा जोराचा. खाली असलेली तशीच रेघ म्हणजे दुय्यम जोर, सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.