वाचकांचे प्रश्न : आम्हाला घर घेता आले, मग मुलांना का येत नाही?

प्रश्न : पुण्याच्या सरकारी महाविद्यालयातून अभियंता होऊन मी १९८१ साली इंग्लंडला आलो. १९८६ साली लंडनच्या वायव्येस हॅरो येथे तीन बेडरूमचे सेमी-डिटॅच्ड घर ५८,००० पौंडांना घेतले, तेव्हा माझा वार्षिक पगार १३,५०० पौंड होता. पुढे व्याज १५ टक्क्यांवर गेले. त्या काळात आम्ही तीन वर्षे भारतात आलो नाही, पत्नीने रात्री जागून शिवणकाम केले, पण एकही हप्ता चुकवला नाही. एकाच कंपनीत अठ्ठावीस वर्षे काढून आज तिच्याच निवृत्तिवेतनावर आम्ही समाधानाने जगतो. माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, ४२,००० पौंड मिळवतो आणि तरीही मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो. दर वर्षी सहल, रोज बाहेरची कॉफी आणि चार वर्षांत तीन नोकऱ्या! बचतीचा विषय काढला की तो उठून जातो. गेल्या दिवाळीपासून आमचे बोलणे जवळजवळ बंद आहे. आमच्या स्टेशनाजवळ उंच इमारती बांधण्याचे चालले आहे, त्याविरुद्ध आम्ही रहिवाशांनी हरकत नोंदवली, तेव्हाही तो विनाकारण चिडला. या पिढीत कष्टाची तयारीच उरलेली नाही, असे मला वाटते. माझे काही चुकते आहे का?
— एक निवृत्त वाचक, हॅरो

उत्तर : आपण सोसलेले कष्ट खरे आहेत आणि त्यांना कोणी हलके लेखू नये. ऑक्टोबर १९८९ पासून पुढे वर्षभर बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १५ टक्के होता, आणि १९९१ या एकाच वर्षात ब्रिटनमध्ये सुमारे ७५ हजार घरे हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्यांनी ताब्यात घेतली. त्या लाटेत आपले घर टिकले ते आपल्या आणि आपल्या पत्नीच्या निग्रहामुळे. मात्र त्याच निग्रहाने आज आपल्या मुलाला घर मिळेल, असे जे आपण गृहीत धरले आहे, ते आपल्याच आकड्यांवर तपासून पाहू या.

आपले घर आपल्या एका वर्षाच्या पगाराच्या सव्वाचार पटीला पडले. तशाच घराची आजची किंमत सहा लाख पौंड धरली, आणि आपल्या भागात ती त्याच्या आसपास आहे, तर मुलाच्या पगाराच्या ती चौदा पट होते. दहा टक्के रक्कम आधी भरायची तर आपल्याला साधारण पाच महिन्यांचा पगार लागला असता. त्याला सतरा महिन्यांचा लागेल, तोही कर कापण्यापूर्वीचा. याहून मोठी अडचण पुढे आहे. कर्ज देणारी संस्था सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पट कर्ज देते. त्या हिशेबाने त्याला १,८९,००० पौंड मिळतील आणि उरलेले ४,११,००० पौंड त्याने स्वतः उभे करायचे आहेत. सहल आणि कॉफी दोन्ही सोडून त्याने वर्षाला तीन हजार पौंड वाचवले, तरी नुसते दहा टक्के जमायला वीस वर्षे लागतील, आणि तेवढा काळ किमती त्याच्यासाठी थांबून राहणार नाहीत.

हे केवळ आपल्या घरातले चित्र नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार १९९७ साली इंग्लंडमधील मध्यम किमतीचे घर मध्यम वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीन पट होते. २०२१ मध्ये ते प्रमाण नऊच्या पुढे गेले, त्यानंतर थोडे खाली आले, पण लंडनमध्ये ते अजूनही अकराच्या आसपास आहे. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०१८ साली दाखवून दिले की पंचवीस ते चौतीस या वयातील मध्यम उत्पन्नाच्या लोकांपैकी १९९५-९६ मध्ये ६५ टक्के लोकांचे स्वतःचे घर होते, आणि वीस वर्षांनी ते प्रमाण २७ टक्क्यांवर आले होते. वीस वर्षांत एका देशातील तरुणांचा स्वभाव इतका पालटत नाही.

आता १५ टक्क्यांविषयी, कारण आपल्या पिढीच्या प्रत्येक पत्रात तो आकडा येतो. आपण दहा टक्के रक्कम आधी भरली असेल, तर ते व्याज सुमारे ५२ हजार पौंडांवर होते. त्यातील पहिल्या तीस हजारांवरील व्याजाला करसवलत होती, जी २००० साली पूर्णपणे बंद झाली. शिवाय १९९० मध्ये महागाई साडेनऊ टक्क्यांच्या घरात होती आणि पगारही त्याच वेगाने वाढत होते, त्यामुळे कर्जाची रक्कम कागदावर तीच राहिली तरी तिचे ओझे दर वर्षी घटत गेले. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून, म्हणजे युरोपीय चलनांचे परस्पर दर ठरावीक मर्यादेत राखण्याच्या व्यवस्थेतून, बाहेर पडला आणि त्यानंतर व्याजही झपाट्याने उतरले. आपले वाईट दिवस फार वाईट होते, पण ते सरले. २००८ नंतर मात्र ब्रिटनमधील खरे वेतन, म्हणजे महागाई वजा जाता उरणारे वेतन, जवळजवळ दीड दशक जागचे हलले नाही. आजच्या कर्जदाराचे ओझे आपोआप हलके होण्याची ती वाट बंद झाली आहे, आणि ज्याला कर्जच मिळत नाही त्याची जमवाजमव दरमहा भाड्यात जाते.

आपण नाममात्र शुल्कावर शिकलात. आपल्या मुलाच्या वयाची मुले इंग्लंडमध्ये विद्यापीठात गेली ती नेमकी २०१२ च्या सुमारास, जेव्हा वार्षिक शुल्क तीन हजारांवरून थेट नऊ हजार पौंडांपर्यंत वाढवले गेले. त्याने ते कर्ज घेतले असेल, तर २०२५-२६ च्या दरांनुसार सुमारे २८ हजारांच्या वर मिळवलेल्या प्रत्येक पौंडातून २० पेनी प्राप्तिकर, ८ पेनी राष्ट्रीय विमा आणि ९ पेनी शिक्षणकर्ज जाते. नोकऱ्या बदलण्याबाबतही त्याला दोष देण्यापूर्वी हे पाहावे की आपल्या निष्ठेला मोबदला होता. शेवटच्या पगाराशी बांधलेले निवृत्तिवेतन त्या काळी अनेक कंपन्या देत असत. खासगी क्षेत्रातील नव्या नोकरदारांसाठी ते जवळजवळ संपले आहे. २०१२ पासून नोकरदाराचे नाव आपोआप नोंदवणारी जी निवृत्तियोजना आली तिच्यात मालक आणि नोकरदार दोघांचे मिळून आता किमान आठ टक्के जमा होतात आणि ती रक्कम नोकरी बदलली तरी बुडत नाही. मग एका जागी थांबून त्याला काय मिळणार?

आपण ज्या वर्षी इंग्लंडमध्ये पाऊल ठेवले, त्याच वर्षी तेव्हाचे रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या अधिवेशनात आपल्या वडिलांचा दाखला दिला होता : तिशीच्या दशकातील मंदीत त्यांनी दंगा केला नाही, सायकल काढली आणि काम शोधले. पुढच्याच वर्षी बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. ज्या तरुणांना तेव्हा ही सायकल दाखवली गेली, ते आज साठीत आहेत, आणि तेव्हा काम नव्हते म्हणून ते बेकार होते हे आता कोणी नाकारत नाही.

आता आपल्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत अधिक थांबलो त्याकडे वळतो : ‘विनाकारण चिडला.’ घरे महाग का झाली, याची कारणे अनेक आहेत. १९६८ साली ब्रिटनमध्ये एका वर्षात चार लाखांहून अधिक घरे बांधून झाली होती आणि त्यांतील मोठा वाटा कौन्सिलांचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकांचा, होता. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये त्यातून वीस लाखांच्या आसपास घरे विकली गेली, पण त्या पैशांचा मोठा भाग नव्या घरांसाठी वापरण्यास कौन्सिलांना बराच काळ मनाई होती. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्यांना खास कर्जे मिळू लागली, आणि २००९ नंतर अत्यंत स्वस्त झालेल्या पैशाने किमती आणखी वर नेल्या. या साऱ्याच्या तळाशी १९४७ चा नगरनियोजन कायदा आहे. प्रत्येक नव्या बांधकामाला परवानगी लागते, ती देताना शेजाऱ्यांच्या हरकती ऐकल्या जातात, आणि हरकत घ्यायला वेळ कोणाजवळ असतो? ज्यांचे घर झालेले आहे त्यांच्याजवळ. तेथे पुढे राहायला येऊ शकणारा तरुण त्या सभेत नसतो. आपल्या स्टेशनाजवळच्या इमारतींत कदाचित आपल्या मुलाला परवडण्याजोगा एखादा फ्लॅट असता, आणि त्याच्या वडिलांनी त्याविरुद्ध सही केली. तो चिडला त्याला कारण होते.

हरकत मागे घ्या, असे मी म्हणत नाही. इमारतींची सावली, दवाखान्यातील गर्दी, शाळांतील जागा हे रास्त प्रश्न आहेत. परंतु पुढच्या सभेला मुलाला बरोबर न्यावे आणि त्यातील किती घरे खरोखर परवडणारी असतील, हा प्रश्न आपण दोघांनी मिळून विचारावा. एवढेही ध्यानात असू द्या की इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, आजही एप्रिल १९९१ च्या किमतींवर आकारला जातो, म्हणजे तेव्हापासून आपल्या घराची जी वाढ झाली तिच्या प्रमाणात आपल्यावरचा कर वाढलेला नाही. ती वाढ आपण कष्टाने मिळवलेली नाही. ती मुलाच्या पिढीने भरायच्या किमतीतूनच आलेली आहे. मला हे लिहिणे जड जाते, कारण आपल्यासारखी माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मुलाला फोन करा आणि पहिल्या बोलण्यात १५ टक्क्यांचा उल्लेख टाळा. त्याच्या हातात दरमहा किती येते आणि भाडे किती जाते, एवढेच विचारा आणि ऐकून घ्या.

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय सव्वीस. मँचेस्टरमध्ये एमएस्सी करून आता स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करते आणि पाच जणांच्या घरात एका खोलीत राहते. ‘एवढे शिकून खोलीतच राहायचे होते तर गेलीस कशाला,’ असे आई म्हणते. नोकरीत कामाचा ताण खूप आहे, पण सोडण्याची भीती वाटते. आईला कसे समजावू?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : आईला सांगा की एका खोलीत राहणे हे इथे अपयश मानले जात नाही, सरकारने तर ते नियमातच लिहिले आहे. पस्तीस वर्षांखालील एकट्या भाडेकरूला मिळणारी भाड्याची मदत सामाईक घरातील एका खोलीच्या दरानेच ठरते, आणि ही वयोमर्यादा २०१२ पूर्वी पंचवीस होती. व्हिसाच्या अटींमुळे ती मदत आपल्याला लागू नाही, पण ‘अजून तरुण’ हे वय कागदावर दहा वर्षांनी कसे पुढे ढकलले गेले, ते यातून दिसते. मला स्वतःला हा नियम अन्यायाचा वाटतो.

नोकरीची भीती मात्र वस्तुनिष्ठ आहे. आपला व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला असल्याने नोकरी सुटल्यावर साधारण साठ दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो, आणि पगाराची किमान अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली, पुढे ती आणखी वाढली. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी नव्या मालकाचे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र हाती घ्या आणि व्हिसा अद्ययावत करून मगच कामाची जागा बदला. घरमालकाने अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेतली असल्यास, वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असताना ते २०१९ पासून इंग्लंडमध्ये बेकायदा आहे. कारण न देता घर सोडायला लावणारे कलम २१ रद्द करण्याची तरतूदही २०२५ च्या कायद्याने केली आहे. आपल्या करारात त्याचा उल्लेख असेल तर सल्लाकेंद्रात दाखवून घ्या.

प्रश्न : मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंगला फ्लॅट घेत आहेत. डोंबिवलीचा आमचा दुसरा फ्लॅट विकून त्यांना पैसे पाठवावेत का?
— एक दांपत्य, ठाणे

उत्तर : पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि आपण दोघे मिळून ती दुप्पट होते. विक्रीवरील भांडवली नफ्याचा कर आधी बाजूला काढावा. तिकडची कर्जसंस्था आपल्याकडून लेखी घेईल की ही भेट आहे, उसने नाही आणि घरावर आपला हक्क नाही. खरेदीचे काम पाहणारा वकील (सॉलिसिटर) पैशाचा उगम विचारेल, म्हणून विक्रीकरार आणि बँकेचे उतारे जपून ठेवा.

आपल्याकडे फ्लॅट म्हणजे सोसायटीतील हक्क, तसे इंग्लंडमध्ये नसते. तेथे फ्लॅट बहुधा दीर्घ भाडेपट्ट्यावर असतो आणि जमीन व इमारत दुसऱ्याची असते. पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत ते पाहा. ऐंशीच्या खाली असतील तर तो वाढवणे महाग पडते आणि पुढे विकतानाही अडचण येते. मागील तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज किती वाढला, आणि लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला जून २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर अशा इमारतींच्या बाह्य आवरणाची जी तपासणी सुरू झाली तिचा दाखला आहे का, हे जावयांना विचारायला सांगा. आपले ठाण्यातील राहते घर मात्र या व्यवहारात तारण म्हणूनही आणू नका.