ब्लिंक-१८२ हा पॉप-पंक बँड २००३ मध्ये एकदम इतका गंभीर कसा झाला?

एकदम नाही झाला. १९९९ च्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’मधला वात्रटपणा ऐकून थेट २००३ च्या बिननावाच्या अल्बमवर गेलात तर धक्का बसणारच. पण मधे, २००२ मध्ये, बँडचा गिटारवादक-गायक टॉम डिलाँगने ड्रमर ट्रॅव्हिस बार्करला घेऊन ‘बॉक्स कार रेसर’ हा वेगळा, जडशीळ अल्बम काढला होता. वाट तिथूनच फुटली. (बँडमधला तिसरा, बास वाजवणारा मार्क हॉपस त्या नव्या गटाचा सदस्य नव्हता, आणि ते त्याला लागलं.) शिवाय २००३ चा अल्बम येईपर्यंत तिघंही बाप झाले होते.

‘आय मिस यू’ हेडफोन लावून ऐका. ट्रॅव्हिस ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरवतो, त्याचा खरखरीत आवाज कानाशी येतो. ‘स्टॉकहोम सिंड्रोम’च्या आधी एक बाई हळू आवाजात पत्रं वाचते. ती मार्कच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात आजीला लिहिलेली खरी पत्रं आहेत. आणि मग गाणं अंगावर येतं! ‘ऑल ऑफ धिस’मध्ये तर द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ गातो.

माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. पहिलं गाणं जुन्या ओळखीचं वाटेल, तिथे थांबू नका.