छपराचा पूल, लपवलेला डबा आणि गोंदेश्वर

प्रश्न : कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मुलाकडे गेलो असता, वेस्ट माँट्रोझ या जुन्या खेड्यातील छपराच्या लाकडी पुलाजवळ नातवंडांनी मोबाइलवर पाहत झुडपात लपवलेला डबा शोधून काढला. पुलाला छप्पर कशासाठी, आणि असा डबा सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात ठेवता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : छप्पर वाटसरूंपेक्षा पुलाच्या सांगाड्यासाठी असते. भार पेलणाऱ्या तुळया आणि त्यांचे सांधे पावसाबर्फात भिजत राहिले, तर लवकर कुजतात. आच्छादन असले की तोच सांगाडा पिढ्यानपिढ्या टिकतो. आपण पाहिलेला, ग्रँड नदीवरील पूल १८८१ सालचा आहे.

नातवंडांच्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकी सरकारने मे २००० मध्ये थांबवली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने डब्यातील वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतल्यास तोलामोलाची दुसरी ठेवावी आणि डबा होता तिथेच परत लपवावा, एवढाच हा खेळ.

गोंदेश्वराच्या आवारात मात्र डबा ठेवू नये. हे यादवकालीन मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दगडांच्या फटीत डबा खुपसताना कोरीवकामाचा टवका उडाला तर तो गुन्हा ठरतो, आणि आडबाजूला दिसलेली बेवारस वस्तू पोलिसांना बोलावण्यास पुरेशी असते, हे वेगळे सांगायला नको. त्याऐवजी मंदिराला कोड्याचा पहिला टप्पा करावा. मंदिर पंचायतन, म्हणजे पाच देवळांचा समूह, आहे. मुख्य शिवमंदिराभोवतीची उपमंदिरे मोजायला लावून येणारा चारचा आकडा पुढच्या रेखांशात बसवता येतो, आणि असे दोन-तीन आकडे जुळले की खरा डबा दूर, परिचिताच्या मळ्यातील बांधावर सापडतो. आम्हाला हा प्रकार नुसत्या डब्यापेक्षा अधिक रंजक वाटतो, कारण एरवी चौथऱ्यावर छायाचित्र काढून परतणारा माणूस यात प्रत्येक शिखर न्याहाळतो.

मळ्याच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी. डबा पुरू नये, खेळाच्या नियमांत खणायला मनाई आहे. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घेऊन त्यावर खेळाचे नाव मराठीत ठळक लिहावे. खाऊ ठेवल्यास मुंग्या आणि उंदीर आधी पोहोचतील. दुसऱ्या कुणाचा डबा १६१ मीटरच्या आत असल्यास खेळाच्या संकेतस्थळावर नव्या डब्याची नोंद स्वीकारली जात नाही. देवळालीच्या लष्करी हद्दीजवळची जागा तर निवडूच नये.