भुलीचा वायू जातो कुठे?

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आहे. भुलीच्या वायूंमुळे पृथ्वी तापते, असं वाचनात आलं. खरं आहे का? असेल तर मी वेगळी भूल मागू का?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. मी स्वतः भूलतज्ज्ञ, त्यामुळे प्रश्न थेट माझ्याच हाताखालचा आहे. डेस्फ्लुरेन हा वायू शरीरात जवळजवळ मोडतच नाही. श्वासाबरोबर जसा आत जातो तसाच बाहेर येतो आणि नळीवाटे इमारतीबाहेरच्या हवेत सोडला जातो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवतो. तेच काम करणाऱ्या सेव्होफ्लुरेनचा आकडा दोनशेच्या आत आहे. म्हणूनच स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेन बंद केला. युरोपीय संघात 1 जानेवारी 2026 पासून तो फक्त वैद्यकीय गरज असेल तरच वापरता येतो.

नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या दुसऱ्या वायूची तऱ्हा वेगळी. तो हवेत शंभराहून अधिक वर्षं टिकतो, आणि भिंतीतल्या पाइपांमधून रुग्णापर्यंत पोचण्याआधीच गळतो. रुग्णालयांनी खरेदी आणि वापर यांचा ताळा घातला, तेव्हा बराचसा वायू असाच गेल्याचं दिसलं. आता कित्येक ठिकाणी पाइपलाइन बंद करून यंत्रालाच छोटा सिलिंडर लावतात.

उरलेलं सगळं यंत्रातून येणाऱ्या ताज्या वायूच्या प्रवाहाच्या नॉबवर. सुरुवातीला प्रवाह जास्त लागतो; रुग्ण स्थिरावला की मी तो मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडालाइमचे पांढरे दाणे शोषून घेतात आणि भुलीचा वायू पुन्हा रुग्णाकडे वळतो. दाणे जांभळे पडत आले की डबा बदलायचा. शिकाऊ डॉक्टर प्रवाह चार लिटरवर ठेवून निवांत बसले की माझा आवाज चढतो.

शिरेतून प्रोपोफॉल देऊनही भूल देता येते. त्यात वायू नाही, पण प्लास्टिकच्या सिरिंज, नळ्या आल्याच. तुमच्यासाठी काय योग्य, हे हृदय, फुप्फुसं आणि आधीचा अनुभव पाहून ठरतं. हवामानासाठी तुम्ही त्यात तडजोड करू नका. (दुर्बिणीसाठी पोटात भरतात तो कार्बन डायऑक्साइडच, पण अगदी किरकोळ. त्याची काळजी सोडा.)

भूलपूर्व तपासणीत वायूबद्दल खुशाल विचारा. त्याआधी मागच्या भुलीनंतर झालेल्या उलट्या, दमा, चालू गोळ्या आणि हलणारा दात मात्र आठवणीने सांगा.