डब्ल्यूपी बिट उतरवूनही सिस्टिम कॉल टेबलवर का लिहिता येत नाही?

चिपळूणहून आलेला प्रश्न असा: कोण कुठली फाइल उघडतंय ते नोंदवायला डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट, म्हणजे रीड-ओन्ली पानावर लिहू न देणारा) बिट उतरवून ‘ओपनॲट’ या फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलचा (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायचा कॉल) पत्ता कॉलच्या टेबलात बदलणारं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचा कोड) लिनक्सच्या ४.१५ कर्नलवर चालायचं, नव्या लॅपटॉपवर मात्र उप्स (कर्नलमधल्या चुकीचा अहवाल) येतो.

लॉगमध्ये एरर कोड ३ दिसतोय, तो आधी उलगडून बघा. उजवीकडचा बिट १, म्हणजे पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) मेमरीत हजर आहे. दुसरा १, म्हणजे कुणीतरी लिहायला गेलं. तिसरा ०, म्हणजे लिहिणारा खुद्द कर्नल. घरधन्यालाच दारात अडवलंय.

इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरवर असं होत नसे. तिथे रीड-ओन्ली पान म्हणजे आपल्या वाडीतला गडगा: परक्याने बेड्याशी थांबायचं, मालक कुठूनही उडी मारणार. पण फोर्कनंतर (एका प्रोसेसची नक्कल काढल्यावर) दोन प्रोसेस एकच पान रीड-ओन्ली म्हणून वाटून घेतात. त्यातल्या एकीने ‘रीड’ केलं की तिच्या बफरमध्ये लिहितो कर्नल. त्याला कुणी अडवलं नाही, तर दुसरीचाही डेटा बदलणार! म्हणून ३८६ वर लिनक्सला लिहिण्याआधी पान स्वतः तपासावं लागे. १९८९ च्या ४८६ मध्ये सीआर० या नियंत्रण रजिस्टरचा १६ वा बिट, म्हणजेच डब्ल्यूपी, आला आणि कर्नलच्या लिहिण्यावरही पेज फॉल्ट (प्रोसेसरने घातलेली अडवणूक) येऊ लागला. कर्नल लिहितो तिथला कॉपी-ऑन-राइटचा (लिहायची वेळ आल्यावरच पानाची वेगळी प्रत काढायची युक्ती) डोलारा त्यावर उभा आहे; तो बिट उतरवणं म्हणजे त्या कोअरपुरतं हे सगळं वाऱ्यावर सोडणं.

५.३ पासून कर्नलचं सीआर० लिहिणारं फंक्शन हा बिट परत चढवतं. असेंब्लीने (प्रोसेसरचा हुकूम थेट लिहून) चकवता येईल, पण मध्येच शेड्यूलरने दुसऱ्या कोअरवर हलवलं तर तिथला बिट चढलेलाच. बरं, एवढं करून काय? ६.९ पासून एक्स८६-६४ वर कॉल त्या टेबलातून जातच नाहीत, कोडमधल्या ‘स्विच’ विधानातून जातात.

तेव्हा टेबल सोडा, केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर टेहळणी बसवायची सोय) लावा. इन्समॉड (मॉड्यूल चढवायची कमांड) व्हर्च्युअल मशीनवरच करा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते ती पुरे, त्यात पॅनिकची (कर्नल पूर्ण कोसळण्याची) भर नको. एक खाचखळगा: ४.१७ पासून ‘ओपनॲट’च्या रॅपरला (कॉलभोवतीच्या बाहेरच्या फंक्शनला) एकच आर्ग्युमेंट मिळतं, डीआय रजिस्टरमध्ये, आणि ते म्हणजे कॉल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या जपून ठेवलेल्या, आतल्या रजिस्टर-संचाचा पत्ता. फाइलच्या नावाचा पत्ता त्या आतल्या संचाच्या एसआय रजिस्टरमध्ये. तो पत्ता यूजर मेमरीतला, म्हणून थेट वाचू नका. स्ट्रिंग कॉपीचं ‘नोफॉल्ट’ फंक्शन वापरा. पान त्या क्षणी मेमरीत नसेल तर नाव मिळणार नाही, पण मशीन पडणार नाही.