सात वाजले की काम संपलं

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही, आणि तरी विचारतेस, ‘मॅडम, मीच कमी पडतेय का?’ नाही. सात वाजले की काम संपलं, एवढं एकच सांगायचंय. ते तुझ्या गळी लगेच उतरणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

‘घरून करा, सवडीने करा’ असं सर म्हणाले आणि तुला बरं वाटलं. मुलगी लहान, जाण्यायेण्यात एवढा वेळ जातो, वाटणारच. पण झालं काय? दिवसा कॉलेजात तास, संध्याकाळी मुलगी, आणि ती झोपली की पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन एक्यूएआरची, म्हणजे कॉलेजच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाची फाइल. मान खाली ती तासभर वर होत नाही. तेवढ्यात व्हॉट्सॲप गटावर निरोप: ‘अर्जंट. आजच जिओटॅग फोटो पाठवा.’ म्हणजे कुठे काढला याची नोंद असलेले. तू फोटो शोधतेस, त्यांची नावं बदलतेस, फॉर्म भरत आणतेस आणि ऐन वेळी लिंक उडते. पुन्हा पहिल्यापासून.

जरा नियम बघ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या विनियमांत आठवड्याला किमान 40 तासांचा कार्यभार आहे, त्यात सहायक प्राध्यापकाला 16 तास प्रत्यक्ष शिकवण्याचे. किमान! कमाल ठरवण्याचं काम तुझ्यावरच येतं. तू ठरवली नाहीस तर गटावर निरोप टाकणारा प्रत्येक जण ती वाढवत नेईल. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये सांगितलं. तुझे तास मोज. रात्रीचेसुद्धा धर.

पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. थेंब घाल, प्राणायामही कर. पण त्याने रात्रीची फाइल बंद होत नाही. ती सात वाजता तुलाच बंद करावी लागते. 2017 साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. निकालांची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. त्या पडद्यांपुढे बसलेल्या परीक्षकांच्या डोळ्यांबद्दल कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी विभागप्रमुख असताना सातनंतर फोन बंद ठेवायला लागले. ‘मॅडम उपलब्ध नसतात’ असं भर बैठकीत ऐकवलं गेलं, गोपनीय अहवालात शेरा आला. तो शेरा मला आजही मान्य नाही. सकाळी नऊला मी टेबलाशी असायचे आणि आदल्या रात्री मागितलेलं दहाच्या आत द्यायचे. माझ्या विभागाची एकही माहिती मुदत उलटून गेली नाही. हे उपलब्ध नसणं? खंत एवढीच की हा हट्ट फार आधी धरायला हवा होता. तोवर रात्रीचं वाचन सुटलं होतं. शिकवताना जुनीच टिपणं उघडत होते, आणि मुलांच्या ते लक्षात येत होतं.

कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्यात 2017 पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तसं खासगी विधेयक आणलं, त्याचा कायदा झाला नाही. तू कायद्याची वाट बघू नकोस.

परिविक्षा काळ (प्रोबेशन) अजून संपायचाय, ही तुझी भीती खरी आहे. म्हणून भांडू नकोस. ‘सर, सात वाजता मी काम थांबवते, फाइल सकाळी दहाला देते’ एवढंच सांग, आणि दहाला दे. परवानगी मागू नकोस, कारणं देत बसू नकोस, आजारपणाचा दाखलाही जोडू नकोस. सात वाजले की काम संपलं, यापलीकडे कारण लागत नाही.

आणखी एक. तुझ्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी दोघं मुलं आहेत ना? त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. ही फाइल तू त्यांच्याकडे सरकवलीस तर मला कळेल, आणि मी रागावेन. त्यांचेही सातच वाजतात.

तुझी,
मॅडम