पुस्तकावर कोशेर लिहिलेलं नसलं तरी चालेल

शालोम बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस ना, की मावशी, आता एकटा राहतोय, कोशेर म्हणजे आपले ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम सांभाळून रोजचा स्वयंपाक शिकायचाय तर कुठलं पुस्तक घेऊ, तेव्हा मी नंतर सांगते म्हणाले कारण दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. आज निवांत बसलेय, म्हणून लिहिते.

आधी एक कर, कव्हरवर कोशेर छापलेलंच पुस्तक पाहिजे हा हट्ट सोड. मी तशी तीन-चार मागवली होती हौसेने, सगळी परदेशातली. सणांचं जेवण त्यात भरपूर, पण सोमवारी रात्री आठला घरी आल्यावर काय टाकायचं गॅसवर हे काही त्यातून कळलं नाही. आणि आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आपल्याकडे वालाचं बिरडं, पापलेटचं कालवण, नारळाच्या दुधातलं मटण, ते त्या पुस्तकांना माहीतच नाही. त्यापेक्षा चांगलं साधं पुस्तक घे आणि पेन्सिल घेऊन वाच. प्रत्येक रेसिपीच्या डोक्यावर एक अक्षर लिही, मटण-चिकन असेल तर म, दूध-दही-तूप-लोणी असेल तर द, दोन्ही नसेल तर प म्हणजे पारवे. मांस आणि दूध आपल्याला एकत्र चालत नाही, म्हणून म आणि द एकत्र आले की थांब आणि बघ, यातलं काय बदलता येतं.

मराठीत सुरुवात कमलाबाई ओगल्यांच्या रुचिरापासूनच कर. १९७० सालचं पुस्तक, वाटी-चमच्याचं माप, त्यामुळे नवख्या माणसाचा हात चुकत नाही. बराचसा भाग शाकाहारी, म्हणून आपल्याला सोपं. पण शाकाहारी म्हणजे डोळे मिटून चालतं असं समजू नकोस हां. तुपाची फोडणी पडली की भाजी द झाली, मग ती मटणाबरोबर ताटात नाही येऊ शकत, तिथे सरळ तेल घाल. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे म्हणून, आणि तेल ना दुधातलं ना मटणातलं, हे मला दर वेळी फोडणी करताना आठवतं आणि फार बरं वाटतं. शिवाय पीठ चाळून घ्यायचं, फ्लॉवर आणि पालेभाजी किड्यांसाठी उजेडात धरून बघायची, अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं, हे कुठल्याही पुस्तकात नसलं तरी तुझ्या हाताला लागलं पाहिजे. जिलेटिन लिहिलं असेल तिथे चायना ग्रास.

इंग्रजीतलं एकच घ्यायचं असेल तर समीन नोसरतचं सॉल्ट फॅट अ‍ॅसिड हीट घे, २०१७ चं. तू म्हणशील मावशी, त्यात तर डुकराचं मांस आहे आणि तिची सगळ्यात गाजलेली रेसिपी म्हणजे ताकात मुरवलेलं चिकन! बरोबर आहे, ती पानं आपली नाहीत. पण ते पुस्तक मीठ काय करतं, आंबट काय करतं, स्निग्ध पदार्थ कशासाठी हे इतकं नीट समजावतं की ताक कशासाठी होतं ते कळलं की त्याच्या जागी काय घालायचं तेही तुझं तुला सुचतं. मी एक वाटी ताकाऐवजी नारळाचं दाट दूध घेते आणि एक लिंबू पिळते, रात्रभर फ्रिजमध्ये, आणि चिकन मऊ होतं, खरंच. मात्र मीठ हात राखून घाल, कारण आपलं मटण-चिकन आधीच अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात ठेवून तीनदा धुतलेलं असतं, त्यात पुस्तकातलं पूर्ण मीठ घातलंस तर तोंडात धरवणार नाही. आणि अमेरिकन पुस्तकात कोशेर सॉल्ट दिसलं तर ते म्हणजे मांस खारवायचं जाडं मीठ, बाकी धार्मिक काही नाही त्यात. तेवढेच चमचे आपलं बारीक मीठ घेऊ नकोस, खारट होईल, आधी निम्मं घाल आणि चाखून बघ.

मात्र सगळंच बदलायच्या मागे लागू नकोस. बटर चिकनमधलं बटर आणि क्रीम काढलं की उरतं ते बटर चिकन नव्हे, ते सोडून दे आणि त्या दिवशी नारळाचं मटण कर. कोळंबी-तिसऱ्यांच्या रेसिपीत मात्र मसाला तेवढा उचलायचा आणि सुरमई घालायची, खवले आणि पर दोन्ही असलेला मासाच आपल्याला चालतो. मसाल्यांसाठी सारस्वत महिला समाजाचं रसचंद्रिका जवळ ठेव, वाटपाचा हात त्यानेच बसेल.

क्लॉडिया रोडन यांचं द बुक ऑफ ज्यूइश फूड, १९९६ चं, ते सावकाश घे, ते शिकण्यापेक्षा वाचायला आहे. बाई कैरोत जन्मलेल्या, जगभरच्या ज्यूंच्या घरचं जेवण गोळा केलंय आणि त्यात भारतातले आपण पण आहोत. मी ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं रे.

एक राहिलं, पेसाखच्या, म्हणजे आपल्या बिनखमिराच्या भाकरीच्या सणाच्या, आधी हिंगाची डबी बघ. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ती बाहेर. भात आपण खातो त्यामुळे उपाशी राहणार नाहीस. येत्या रविवारी ठाण्याला ये, रुचिरा घेऊन ये म्हणजे बसून पेन्सिलीच्या खुणा करू, आणि मटण न्यायला बर्फाचा डबा विसरू नकोस.

तुझी मावशी